उत्तम चालक, गैरहजर

मी एका मेलेल्या माणसाला 'महिन्यातला उत्तम चालक' म्हणून बक्षीस जाहीर केलं. माइकवरून केलं, दोनदा नाव पुकारून केलं, आणि तो पुढं येईना म्हणून भर सभेत त्याची थट्टाही केली.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी धंद्याबद्दल सांगायला हवं. एवढा मोठा गाढवपणा एकट्या माणसाच्या आवाक्यातला नसतो. त्यासाठी अख्खा धंदा बदलावा लागतो.

बेळगावच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका ट्रकच्या डीलरशिपमध्ये मी बरीच वर्षं सेल्समन होतो. सेल्समन म्हणजे ट्रक विकणारा असं लोकांना वाटतं. खरं तर मी जेवणारा होतो. निपाणीच्या कुणा ट्रान्सपोर्टवाल्याच्या डोक्यात नवी गाडी घोळतेय अशी कुणकुण लागली की मी त्याच्याकडं लग्नाला हजर, बारशाला हजर, तेराव्याला तर सगळ्यात आधी हजर. खानापूरच्या बाजूला पार गुंजीपर्यंत माझ्या पंगती पसरल्या होत्या. कुणाच्या पोरीचं कुठं जमलंय, कुणाच्या आईला दिसेनासं झालंय, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, सगळं तोंडपाठ. नव्या ट्रकपुढं नारळ फोडला, तो फाटकाबाहेर पडला, की मात्र तो कुठं जातो, कोण चालवतो, कसा चालवतो, याच्याशी आमचा संबंध संपला. बिघडला की येईल परत, एवढंच.

मग धंदा बदलला. आता नुसता ट्रक विकून भागत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याच्या सगळ्या गाड्या आम्ही 'सांभाळायला' घेतो. गाडीत एक पेटी बसवलेली असते. गाडी किती पळाली, डिझेल किती प्यायली, ब्रेक कुठं जोरात दाबला, इंजिन कुठं उगाच चालू राहिलं, हे ती पेटी आम्हाला कळवते. गाडी रस्त्यात बंद पडायच्या आधीच आम्ही तिला बोलावून घ्यायचं. फिरस्ते सेल्समन कमी झाले. मला, पोट सुटलं म्हणून असेल, एका थंडगार खोलीत भिंतीएवढ्या पडद्यासमोर बसवलं. हुद्दा इंग्रजी मिळाला. पिरनवाडीत आमच्या गल्लीत कुणी विचारलं तर बायको सांगते, "टीव्ही बघायला जातात."

पडद्यावर नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की चालकाचं नाव आणि फोटो. कारण आता चालकालाही कार्ड असतं. ते डॅशबोर्डवरच्या खाचेत घातल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. कार्ड घातलं की आतून एक बाई बोलते, "स्वागत है", आणि पुढं चालकाचं नाव घेते. फाटकावर पाटी कन्नड, चालक मराठी आणि आतली बाई हिंदी. तरी कुणाचं अडत नाही.

पहिले काही दिवस ती खोली मला फार आवडली. मग हळूहळू नकोशी झाली. सगळी हयात ट्रकच्या आवाजात काढलेली, आणि इथं ट्रक सरकतायत पण आवाज नाही. संकेश्वराजवळ एखादा ठिपका मधेच थांबायचा. आतला माणूस जेवतोय, झोपलाय की आणखी काही झालंय, कळायला मार्ग नाही. मी श्वास धरून बघत बसायचो. एकटा असलो की ठिपक्याशी बोलायचोही. "चल की रं," म्हणायचो. आणि तो निघायचा. दर वेळी नाही, पण इतक्या वेळा निघायचा की मी बोलायचं बंद केलं.

पूर्वी गाडी कुठं आहे हे मला माहीत नसायचं, पण कुणाच्या घरातलं कोण गेलं हे माहीत असायचं. आता नेमकं उलटं झालं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

चालकांचा मेळावा भरवायची कल्पना माझीच. वडा-सांबार, डोळे तपासणी आणि शेवटी बक्षीस, गरम राहणारा जेवणाचा स्टीलचा डबा. बक्षीस कुणाला हे पडद्यानंच ठरवलं. निपाणीच्या एका मालकाच्या गाडीवरचा बोरगावचा चालक. बेळगावच्या फाउंड्रीतून लोखंडी सुटे भाग भरून कोल्हापूरला जायचा. सगळ्या महिन्यात एकदाही जोराचा ब्रेक नाही, घाटात वेग जेवढा हवा तेवढाच. मी त्याला थोडाफार ओळखत होतो. चाळिशीच्या आतला, उजवा खांदा किंचित उतरलेला, आवाज खर्जातला. फोन त्यानंच केलेला असला तरी सुरुवात "हां, बोला" अशी करायचा.

मी नाव पुकारलं. कुणी हललं नाही. मागच्या रांगेतल्या एकानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. परत पुकारलं. टाळी नाही. मला वाटलं, गडी लाजतोय.

"अहो या की म्होरं! घाटात एवढी मोठी गाडी आणतासा, आणि इथं डबा न्यायला लाजतासा व्हय? का घरातनं बायकोला बोलावू?"

टोपीवाला उठला. "सायेब, त्यो न्हाय."

"नाही म्हणजे? गाडीवर गेलाय?"

"न्हाय. मेलाय. गणपतीच्या आदी. घरातच, कावीळ झालती."

दिवाळी होऊन गेली होती. मी माइक हातात धरून उभा. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि मी खोटं बोलत नाही हे दाखवायला म्हणून, मी खिशातनं मोबाइल काढला. त्यातही पडदा दिसतो. बोट ठेवलं. त्याचं नाव, त्याचा फोटो, आणि ठिपका. हिरवा. हलत होता. संकेश्वराच्या अलीकडं, निपाणीच्या दिशेनं.

"पण गाडी तर हा चालवतोय," मी म्हणालो. माइक चालूच होता.

पुढच्या रांगेतले चार-पाच जण बघायला आले आणि बघून मागं सरकले. एकानं खिशातलं स्वतःचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "सायेब, माझं नाव काडून टाका ह्यातनं. मेल्यावर मला कामाला लावू नगा." कुणीतरी हसलं, पण ते हसणं लगेच विरलं. वडे निम्मे उरले.

मी मालकाला फोन केला. हा अण्णा माझं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या दोन्ही पोरींच्या लग्नात मी पंक्ती वाढलेल्या.

"अण्णा, तुमचा तो बोरगावचा ड्रायव्हर गेला म्हणे."

"व्हय. लई चांगलं पोरगं."

"मग त्याच्या कार्डावर गाडी कोण चालवतंय?"

पलीकडं अण्णानं पंखा बंद केला. मग म्हणाला, "गाडी चालतीया न्हवं?"

"चालतेय."

"बिघाड हाय काय?"

"नाही. उत्तम चालतेय. तेच तर."

"मग झालं. बाकीचं तुमच्या मशिनीला इचारा. तिला सगळं कळतंय म्हणून सांगितलासा गाड्या घेताना." आणि फोन ठेवला.

मशिनीला विचारलं. मशिनीत त्याचा मोबाइल नंबर होता. माणूस गेल्यावर नंबर बंद होतो किंवा दुसऱ्या कुणाला तरी जातो, एवढी अक्कल मला होती. तरी लावला. चारी बाजूला उजेड, बाहेर वर्कशॉपात हातोड्याचे घाव पडतायत, आणि पडद्यावर तो ठिपका तवंदी घाट चढतोय. घंटी वाजली. उचलला. आधी नुसता इंजिनाचा आवाज, लोडवर असलेल्या गाडीचा. मग तोच खर्ज.

"हां, बोला."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे, माझ्या हातातून पडला. उचलून बघतो तर पडद्यावर तो ठिपका घाटाच्या माथ्यावर थांबलेला.

त्यानंतर काही दिवस मी खोलीत एकटा बसलो नाही. चहा हवा, फाइल हवी, असं काहीबाही काढून कुणाला तरी आत बोलवायचो. पण नजर त्याच ठिपक्यावर. तो रोज बेळगावहून निघायचा आणि रोज तवंदीच्या माथ्यावर, एकाच वळणापाशी थांबायचा. इंजिन बंद. चहा पिऊन व्हावा एवढा वेळ. मग निघायचा. तिथं चहाची टपरी नाही, ढाबा नाही, देऊळ नाही, हे मला पंगतींच्या काळापासून माहीत होतं. मग मला नको ती बुद्धी झाली आणि मी मागचं काढून बघितलं. पावसाळ्यातलं, उन्हाळ्यातलं, तो जिवंत असतानाचं. तेव्हाही गाडी त्याच वळणावर थांबत होती.

एके सकाळी उठून मी कार काढली आणि सरळ तवंदी गाठली. धुकं होतं. दिवस चांगला वर आला होता, पण माथ्यावर पोचेपर्यंत सूर्याचं नुसतं पांढरं धिरडं झालेलं. वळणावर कार लावली आणि वाट बघत बसलो. ट्रक दिसायच्या आधी ऐकू आला. मग धुक्यातून दोन दिवे, मग तोंड. गाडी अलगद बाजूला आली, ब्रेकचा आवाजसुद्धा न करता, आणि इंजिन बंद झालं.

मी धीर करून जवळ गेलो तर केबिनमध्ये कुणी नव्हतं. चालकाच्या बाजूचं दार उघडं. सीटवर टॉवेल. खाचेत कार्ड, आणि कार्डावरच्या फोटोतून तो माझ्याकडं बघतोय. इंडिकेटरची टिकटिक तेवढी चाललेली. मी पायरीवर एक पाय ठेवून तसाच थिजलो. वर चढवेना, खाली उतरवेना.

मागून पावलांचा आवाज आला. वळलो. धुक्यातून एक माणूस येत होता. तीच उंची, तीच चाल, उजवा खांदा तसाच उतरलेला. तोंड दिसत नव्हतं. मी काय केलं ते सांगायला हवं: मी हात जोडले आणि म्हणालो, "डबा आणलाय." खरं तर आणला नव्हता.

"कसला डबा?" तो माणूस म्हणाला आणि जवळ आला. पांढऱ्या मिशा, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. लेंग्याची नाडी बांधत होता. "लघवीला गेलतो. साखर हाय मला, हितवर आलं की दम निघत न्हाय. तुमी कोन?"

तो त्याचा बाप होता.

मी कोण ते सांगितल्यावर म्हातारा तिथंच पायरीवर बसला. बाजूला मी. मग त्यानं सांगितलं. जन्मभर ट्रक चालवून तो घरी बसला होता, पोराला त्यानंच शिकवलेलं. पोरगं गेल्यावर अण्णाला चालक मिळेना. चालकांची पोरं आता बेळगावात शिकून नोकऱ्या करतात, स्टेअरिंग कोण धरतोय. अण्णानं म्हाताऱ्याला विचारलं. पण आमच्या करारात अट, साठीच्या वरच्या माणसाला कार्ड नाही. ही अट घालणारा शहाणा मीच. पोराच्या मोबाइलसारखंच त्याचं कार्डही म्हाताऱ्याकडं आलं होतं.

"आप्पा, हे बरोबर नाही," मी म्हणालो. "उद्या काही झालं तर?"

"व्हईल. तरन्याला न्हाय व्हत?" मग जरा थांबून म्हणाला, "सायेब, मी गाडीसाठी आलो न्हाय. पयल्यांदा कार्ड घातलं आणि त्या बाईनं त्याचं नाव घेतलं. स्वागत हाय म्हनाली. घरात त्याचं नाव कोन घेत न्हाय. म्हातारीनं घेतलं की रडतीया, सूनबाई घेतच न्हाय, पुस्तकात डोकं घालून बसतीया, तिला तिचं ऱ्हायल्यालं शिक्षान पुरं करायचंय. ही एकटी बाई रोज सकाळी घेतीया. न रडता."

धुकं विरळ होत होतं.

"आप्पा, तुमचा मुलगा पण इथंच थांबायचा. याच वळणाला."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "त्याला कुठं साखर हुती?"

"मग का थांबायचा?"

"मला काय ठावं. मी कदी त्याच्यासंगं आलो न्हाय ह्या वाटंला." तो उठला, गाडीच्या तोंडाकडं बघत जरा उभा राहिला. "मला वाटायचं, मीच वळवतोय."

वर चढून त्यानं दार ओढलं आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "सायेब, एक करा. काय करू नगा."

एवढंच सांगितलं होतं त्यानं. दुसरा कुणी असता तर त्यानं ते ऐकलं असतं. मी बेळगावला परत येईपर्यंत माझ्या मनानं घेतलं की या माणसाचं भलं करायचं. चोरून चालवायला नको, हक्कानं चालवू दे. पूर्वीचा सेल्समन अंगात आला. मॅनेजरच्या मागं लागलो, अट शिथिल करून घेतली. म्हाताऱ्याला बोलावून डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तुम्हीच एकदा दाखवून घ्या. साखरेच्या गोळ्याही तो वेळेवर घेत होता. फक्त मॅनेजर म्हणाला, कार्ड त्यांच्या स्वतःच्या नावाचं पाहिजे, मेलेल्याचं ताबडतोब काढून टाका. म्हाताऱ्याला मी एवढंच सांगितलं, "आप्पा, सगळं सरळ केलंय." त्यानं मान डोलावली. कशाला डोलावली हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

मी पडद्यासमोर बसलो आणि मुलाच्या नावावर बोट ठेवलं. 'काढून टाकायचं, खात्री आहे का?' असं यंत्रानं विचारलं. माझ्याहून यंत्र सावध होतं. मी 'हो' दाबलं. ठिपका करडा झाला, विझला, आणि परत हिरवा होऊन आला तेव्हा त्यावर म्हाताऱ्याचा फोटो होता. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी मॅनेजरलासुद्धा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गाडी घेऊन आमच्या आवारात आला. अण्णाकडून आणलेल्या तात्पुरत्या, बिननावाच्या कार्डावर आला होता. नवं कार्ड मी समारंभानं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खाचेत घातलं.

"स्वागत है," बाई म्हणाली, आणि म्हाताऱ्याचं नाव घेतलं.

तो थांबला. कार्ड काढलं, लेंग्याला पुसलं, परत घातलं. बाईनं परत त्याचंच नाव घेतलं. तिसऱ्यांदा घातलं. ती न कंटाळता तेच बोलली. मग त्यानं खाली माझ्याकडं बघितलं आणि मला पहिल्यांदा समजलं मी काय केलंय.

"थांबा आप्पा, आलोच," म्हणून मी आत पळालो. मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाचा मुलगा होता. म्हणालो, काल एक नाव चुकून निघालंय, परत घाला. त्यानं शोधलं. परत शोधलं. म्हणाला, "सर, या नावाचा चालक आपल्याकडे कधी नव्हताच."

"अहो होता! बक्षीस मिळालंय त्याला!"

"आमच्याकडे दिसत नाही, सर."

मी मागचं काढलं. गाडीचा सगळा प्रवास जिथल्या तिथं होता. पावसाळा, उन्हाळा, फाउंड्री, संकेश्वर, कोल्हापूर, सगळं. फक्त चालकाच्या जागी काही नव्हतं. गाडी कुणी आत नसताना बेळगावहून निघत होती, कुणी नसताना हळुवार घाट चढत होती, तवंदीच्या माथ्यावर कुणी नसताना थांबत होती आणि कुणी नसतानाच पुढं जात होती. बक्षिसाच्या यादीत पहिला क्रमांक कोरा. दुसरा मात्र दुसराच होता. मी त्या थंड खोलीत उभा राहून ती रिकामी गाडी महिन्यामागून महिना चालताना बघत राहिलो, आणि पडद्याचा जराही आवाज येत नव्हता.

बाहेर आलो. म्हातारा स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. मी त्याला सांगितलं. सगळंच सांगितलं, मुख्य कार्यालयातला मुलगा काय म्हणाला तेसुद्धा. हे सांगताना मी वर बघत होतो आणि तो समोर बघत होता. शेवटी म्हणालो, "आप्पा, मी तुमच्या भल्यासाठी केलं."

त्यानं किल्ली फिरवली. फाउंड्रीत माल तयार होता, घरी सूनबाईचं शिक्षण व्हायचं होतं. गाडी त्याला चालवायची होतीच. इंजिन सुरू झालं. गिअर टाकता टाकता तो माझ्याकडं वळला.

"सायेब," तो म्हणाला, "आदी तुमी गाडीम्होरं नारळ फोडून घराकडं जात हुतासा, तेच बरं हुतं."